ओंडक्याचा हिशेब आणि रुपयाचा

वृक्षतोडीचा मक्ता ठेकेदाराच्या हातून काढून, प्रत्यक्ष कुऱ्हाड चालविणाऱ्या वनवासी श्रमिकालाच त्या व्यवसायाचा धनी करावे, या उदात्त हेतूने 1947 साली, बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत, मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. पुढे 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रमान्य कार्य आयोजनेवाचून वनांतील तोडीस मनाई केली. वनरक्षणासाठी तो अंकुश आवश्यकच होता. परंतु आयोजनेची मंजुरी रेंगाळली, की कूप मिळत नाही आणि कामगाराची चूल थंडावते. या विलंबाचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

पैशाला तोटा आहे, असेही नाही. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने पर्यायी वनीकरणासाठी राज्यांकडे 47 हजार कोटींहून अधिक निधी सुपूर्द केला. याच वनीकरणातील ढिलाईवर महालेखापरीक्षकांनी 2013 मध्येच बोट ठेवले होते. किती रोपे लावली, त्यांतील किती जगली आणि किती हातांना मजुरी मिळाली, हे ग्रामसभेपुढे वाचून दाखविणे शासनाला जड का जावे? कामगाराकडून प्रत्येक ओंडक्याचा हिशेब घेणाऱ्या शासनाने प्रत्येक रुपयाचा हिशेब त्याला दिलाच पाहिजे.