परक्या उच्चारांचा बाजार

नाझी सत्तेवर येताच १९३३ साली जर्मनी सोडावा लागलेल्या ज्यू कलावंतांत पीटर लॉरे हा नट होता. बर्लिनच्या रंगभूमीवर १९३१ साली ब्रेख्तच्या ‘मान इस्ट मान’ या नाटकात त्याने प्रमुख भूमिका केली होती. तिच्यावर टीका झाली तेव्हा खुद्द ब्रेख्तने लेखणी उचलून तिचे समर्थन केले. त्याच वर्षी फ्रिट्झ लांगच्या ‘एम’ या चित्रपटात त्याने बालकांचा खुनी रंगविला. गुन्हेगारांनीच भरविलेल्या न्यायसभेपुढे हा खुनी आपल्या अनावर विकृतीची कैफियत मांडतो, तेव्हा प्रेक्षकाला त्याची किळस येते आणि कीवही.

हॉलिवूडने त्यातली किळस तेवढी विकत घेतली. स्टुडिओ म्हणजे अखेर कारखानाच. नटाला दीर्घ कराराने बांधावयाचे आणि एकदा खपलेला नमुना पुन्हा पुन्हा काढावयाचा. लॉरेचे बटबटीत डोळे व परका उच्चार हा असाच खपणारा माल ठरला. परका मग कोणत्याही देशाचा चाले! १९३७ ते १९३९ या काळात या ज्यू निर्वासिताला ‘मिस्टर मोटो’ नावाचा जपानी हेर बनवून आठ चित्रपट काढण्यात आले. १९४२ च्या ‘कॅसाब्लांका’त तो चोरट्या परवान्यांचा दलाल होता, आणि त्यातला नाझी अधिकारी होता कॉनरॅड फाइट, नाझींमुळेच देशाला मुकलेला जर्मन नट. ज्यांच्यापासून पळावयाचे, त्यांचाच गणवेश चढवून पोट भरावयाचे, अशी ही रोजगाराची तऱ्हा.

निर्वासिताला आश्रय मिळाला, जीव वाचला, हे ऋण लहान नव्हे. परंतु श्रमाचा मोबदला मिळाला म्हणजे श्रमिकाच्या सर्व सामर्थ्याचा उपयोग झाला, असे होत नाही. इकडे जर्मनीत तर नाझींनी १९४० च्या आपल्या ज्यूद्वेषी प्रचारपटात ‘एम’मधील तीच कैफियत ज्यूंच्या स्वभावाचा ‘पुरावा’ म्हणून घुसडली होती.

१९५१ साली लॉरेने पश्चिम जर्मनीत परतून ‘डेर फेर्लोरेने’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. नाझी राजवटीने ज्याचा खून पाठीशी घातला अशा एका संशोधक डॉक्टरची ती कथा. त्यात नायकही तोच. जर्मन प्रेक्षकाला नुकताच झाकलेला भूतकाळ पुन्हा उघडून पाहावयाचा नव्हता. त्याने पाठ फिरविली. लॉरे अमेरिकेला परतला, तो पुन्हा दुसऱ्यांच्या चित्रपटांत कामे करण्यासाठी. १९६३ च्या ‘द रेव्हन’ या विनोदी भयपटात तो शापाने डोमकावळा झालेला मांत्रिक होता. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५९ व्या वर्षी, तो वारला.