पिशवी काढायला कार्ड, मूल व्हायला कर्ज!

धाराशिवमधून कोयता घेऊन निघणाऱ्या आमच्या बायकांना शासन काय देते? आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण. त्यात गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया बसते, मूल होण्याचे उपचार मात्र वगळलेले! शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली शासकीय समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

"लोकसंख्या एवढी, यांना मूल कशाला?" असे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे. पैसेवाला लाखो रुपये मोजून आयव्हीएफ करतो, तेव्हा त्याला लोकसंख्या कोण ऐकवतो? हा हिशेब गरिबाच्याच घरात का?

१९३८ मध्ये बाबासाहेबांच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची बाजू मांडली गेली. १९२८ मध्ये त्याच बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देऊन आईचा भार शासनाने उचलावा, असे सांगितले. यात विसंगती नाही. मूल नको हा निर्णय जसा बाईचा, तसा हवे हाही तिचाच.

उपचार नसले की बाई बुवाच्या दारात जाते, नाहीतर मुकादमाची उचल वाढते. दोष नवऱ्यात असला तरी वांझ तीच ठरते.

गोव्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केले. मग धाराशिवच्या शासकीय महाविद्यालयात का नाही? आरोग्य योजनेला महात्मा फुल्यांचे नाव दिलेत, आता त्या नावाला जागा. वंध्यत्वाचे उपचार यादीत घ्या!

तरुणांनो, पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.

जय भीम!