श्रमाची नोंद

तरुणाला काम हवे असते आणि वृद्धाला आधार हवा असतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु तारुण्यातील कामाचा दर्जाच उतारवयातील आधार ठरवतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. हा दर्जा केवळ कामगाराच्या कष्टांवर अवलंबून नसतो. कायदे, कामगार संघटना आणि भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या व्यवस्था तो घडवत असतात.

दिल्लीलगतच्या गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात मोटारींच्या कारखान्यांतून कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी राबतात. कायम कामगाराच्या वतीने त्याची संघटना वेतनाचा करार करते. कंत्राटी तरुणाला असे पाठबळ क्वचितच लाभते. २०११ साली मानेसरच्या मारुती सुझुकी कारखान्यातील कामगारांनी संप केला, तो स्वतःची संघटना स्थापन करण्याच्या हक्कासाठीच.

कंत्राटी तरुणाचे नुकसान आजच्या पगारापुरतेच आहे असे वरवर वाटते. खरे नुकसान पुढे असते. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने नियमित पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा आणि ५८ वर्षे वय अशी अट घातली. ठेकेदार बदलताना दरवेळी पेन्शनची जमा रक्कम काढून घेतली, की सेवेची वर्षे जुळत नाहीत. मग थकलेल्या वयातही पहारेकऱ्याची नोकरी शोधावी लागते. यात दोष त्या तरुणाचा नव्हे. तुटपुंज्या पगारात अडीनडीला त्याला दुसरा आधारच नसतो.

मालक सतत बदलत असतील, तर सुरक्षितता द्यायची कोणी, असा प्रश्न विचारला जातो. महाराष्ट्राने त्याचे उत्तर १९६९ सालीच दिले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून माथाडी कायदा आला. हमाल आज एका व्यापाऱ्याकडे, तर उद्या दुसऱ्याकडे ओझी वाहतो. पण त्याची मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा हिशेब माथाडी मंडळ ठेवते. मालक बदलला तरी नोंद तुटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि, नेमणूकपत्र आणि नियमित नोंद यांवाचून कोणताही हक्क कागदावरच राहतो. म्हणून शासनाने तपासणी कसोशीने करावी, आणि कामगारानेही आपली वेतनचिठ्ठी व निधीचा खाते क्रमांक जपून ठेवावा. घाम गाळलेल्या प्रत्येक वर्षाची नोंद राहणे, हा श्रमिकाचा हक्कच होय.