नाशिकची वाइन : सनावळीत हरवलेले बागाईतदार

नाशिकच्या वाइनचा इतिहास बहुधा सुला या कंपनीपासून, म्हणजे १९९० च्या दशकाअखेरीपासून सांगितला जातो. ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे. निफाड तालुक्यातील ओझर येथे रावसाहेब गोखले यांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षलागवड सुरू केली, हा दुवा तिच्यातून गळतो.

गळतो तो केवळ एक सन नव्हे. फ्रान्समधील वेल हिवाळ्यात झोपी जाते. नाशिकच्या उबेत ती पुरती झोपतच नाही. म्हणून येथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशा दोन छाटण्यांतून एक पीक घ्यावे लागते. हे ज्ञान बागाईतदारांनी चुकतमाकत कमावले. वायनऱ्या नंतर आल्या.

जोखीमही त्यांच्याच वाट्याला आली. खाण्याची द्राक्षे बाजारात विकता येतात. न खपल्यास त्यांचा बेदाणा होतो. वाइनच्या बियाळ, जाड सालीच्या द्राक्षांना गिऱ्हाईक एकच : वायनरी. राज्याच्या २००१ च्या धोरणानंतर लागवड वाढली. २००८ च्या मंदीत मागणी आटली, तेव्हा अनेकांनी उभ्या बागा तोडल्या.

दक्षिण फ्रान्समध्येही वाइनचे भाव असेच कोसळले होते. तेथील आर्जेलिए या लहानशा गावातील ८७ द्राक्षउत्पादक ११ मार्च १९०७ रोजी नार्बोन शहरावर चालून गेले. त्या उठावातून भेसळीविरुद्धचा कायदा आला आणि गावाचे नाव इतिहासात राहिले. नाशिक जिल्ह्यातील तोडलेल्या बागांचा उल्लेख मात्र ‘वाइन कॅपिटल’च्या गौरवगाथेत क्वचितच येतो.