टाचेतला थेंब

मंडळी, डाएट सोड्याच्या कॅनवर बारीक अक्षरांत फेनिलॲलनिनची सूचना असते, कधी वाचलीत? फेनिलकेटोन्युरिया या जन्मजात आजारात प्रथिनांतलं हे अमिनो आम्ल यकृतात नीट मोडत नाही, रक्तात साचतं. मग मेंदूच्या दाराशी टायरोसिन-ट्रिप्टोफॅनची वाट अडवतं. डोपामिन, सेरोटोनिन कमी पडतं. लक्ष लागत नाही, जीव उगाच धास्तावतो. बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हे ओळखायची रॉबर्ट गथ्री यांची चाचणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. पथ्य मात्र जन्माचं! दूध, डाळ, पनीर बंद, भातसुद्धा मोजून. मोठेपणी पथ्य सुटलं की धास्ती परतू शकते. तेव्हा स्नेहभोजनात अशा मुलीला "अगं, चमचाभर श्रीखंडानं काय होतंय?" हा आपला लाडका आग्रह नको. साबुदाणा, दाण्याचं कूट न घालता, बहुधा चालतो. आधी तिच्या आईला विचारा.