घासू नका, खरवडा

स्टोनवेअरचा बेकिंग ट्रे जितका कळकट दिसतो तितका तो चांगला, हे मराठी घरात पटवून देणं सोपं नाही. तांब्याचा तपेला चिंच-मिठानं झळकवणारी, स्टीलच्या पातेल्याच्या बुडावरची काजळीही दुसऱ्या दिवसापर्यंत राहू न देणारी ही घरं. इथं भांडी दोनच प्रकारची, घासलेली आणि घासायची. त्यात साबणाचा थेंबही न लागलेला, कोमट पाण्यानं नुसता धुतलेला, तपकिरी डागांनी भरलेला ट्रे पालथा घालून ठेवायचा म्हणजे स्वयंपाकघराच्या अब्रूचाच प्रश्न.

आमच्याकडं हा ट्रे आतेबहिणीनं आणला. ती ओहायोत राहते. तिकडं पॅम्पर्ड शेफ नावाची कंपनी आहे. डोरिस ख्रिस्टोफर या बाईंनी 1980 साली शिकागोजवळच्या आपल्या घराच्या तळघरातून ती सुरू केली आणि 2002 साली वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेनं ती विकत घेतली. दुकानात माल ठेवण्याऐवजी कुणाच्या तरी घरी बायका जमवायच्या, तिथंच एखादा पदार्थ करून दाखवायचा आणि भांडी खपवायची, अशी ही पद्धत. आपल्याकडं टपरवेअरच्या पार्ट्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या मराठी बायकांच्या घरात हे दगडी ट्रे अशाच पार्ट्यांमधून शिरले, आणि त्यातला एक तेवीस किलोंच्या बॅगेत ड्रायफ्रूटची पाकिटं मागे ठेवून आमच्याकडं आला. एवढं वजन उचलून आणणारीला मी नाही म्हणायला हवं होतं की नको, हे तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, बरं झालं घेतला.

दगडी म्हणतात, पण तो दगड नव्हे. माती आहे, फक्त भट्टीत फार वर नेलेली. कुंभाराचं साधं मडकं बहुतेक हजार अंशांच्या आत भाजतं. स्टोनवेअरची माती बाराशेच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. त्या तापमानाला मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि कण एकमेकांना घट्ट धरतात. लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी याच कुळातली. तिच्यावर वरून ग्लेझचा थर असतो, म्हणून मीठ, मोहरी, लिंबाचा रस वर्षभर आत राहूनही तिला काही होत नाही आणि धुतली की पुढच्या वर्षी ती आंब्याच्या लोणच्यालाही चालते. बेकिंगचे बरेच ट्रे मात्र आतून उघडे, ग्लेझ न दिलेले असतात. हात फिरवला तर पाटीवर फिरवल्यासारखा खरखरीत लागतो. आपला ट्रे कुठला ते बघायचं तर त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब तसाच राहिला तर ग्लेझ आहे, खुशाल साबणानं धुवा. जागा ओली होऊन काळसर पडली तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

या उघड्या पृष्ठभागाला बारीक छिद्रं असतात आणि तिथंच सगळी मौज आहे. बिस्किटाच्या, ब्रेडच्या तळाची वाफ ती छिद्रं थोडीफार शोषून घेतात आणि जाड माती उष्णता सावकाश पण सगळीकडून सारखी देते. त्यामुळं तळ खरपूस होतो, करपत नाही. पण नव्या ट्रेला पदार्थ चिकटतात. ते थांबायला छिद्रांत तेल जाऊन तिथंच पक्कं व्हावं लागतं. सीझनिंग म्हणतात ते हेच. तेल तापलं की त्यातली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात, मग एकमेकांत गुंततात आणि शेवटी एक कडक, कोरडा पापुद्रा तयार होतो. तो तेल राहात नाही, म्हणून बोटाला ओशट लागत नाही. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल पाजतात त्यामागं हीच रीत आहे, आणि राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांतले रंग कापडाला अजून धरून आहेत तेही याच कारणानं. फरक एवढाच की चित्र वाळायला दिवस लागतात, ओव्हनमध्ये ते काम तासाभरात होतं.

म्हणून कुठलंही तेल चालत नाही. खोबरेल जवळजवळ सगळं संतृप्त, त्यामुळं ते घट्ट होऊन पापुद्रा धरत नाही. सोयाबीन, सूर्यफूल, करडई ही तेलं चांगली. शेंगदाण्याचं मधलं. जवसाचा पापुद्रा सगळ्यांत लवकर होतो, पण बिडाच्या तव्यावरून तो कधीकधी पोपडे धरून सुटतो असा अनेकांचा अनुभव आहे, त्यामुळं विदर्भातल्या मैत्रिणीनं कौतुकानं दिलेली जवसाची बाटली चटणी-भाकरीवरच संपवावी हे माझं मत.

तेल ओतून रिकामा ट्रे भट्टीत तापवत बसणं मात्र खुळेपणाचं. जाड तेल मधोमध साचतं, अर्धवट वाळतं आणि मेणचट राहतं. हात लावला की चिकटतं आणि पंधरा दिवसांत त्याला खवट वास येतो. ज्यांचा ट्रे असा चिकट झालाय त्यांचं तेल कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं. त्यापेक्षा पहिल्या काही खेपा तुपातलं, लोण्यातलं काहीतरी भाजावं. नानखटाईसारखा पदार्थ या कामाला दुसरा नाही. तिच्यातलं तूप आपापल्या वाटेनं छिद्रांत जातं आणि आपण निमित्ताला खाऊन घेतो. तूप पापुद्रा फार चांगला धरत नाही हे खरं, पण छिद्रं भरायला त्याची मदत होते. त्यानंतर अधूनमधून सूर्यफुलाचं तेल कागदाला लावून, पुसून टाकल्यागत फिरवावं, म्हणजे झालं. बटाट्याच्या फोडी, तेल चोळलेलं पनीर, पिझ्झा असं काहीही मग त्यावर भाजा.

या काळात ट्रे सुंदर दिसत नाही हे आधीच सांगून ठेवते. चेहऱ्यावर वांग उठावेत तसे त्याच्यावर तपकिरी डाग पडतात. ते हळूहळू एकमेकांत मिसळून ट्रे काळपट होतो आणि तेव्हाच तो खऱ्या अर्थानं हाताशी येतो.

नेमक्या या मधल्या अवस्थेत तो आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या नजरेला पडला. मी त्यांना साबण लावू नका म्हणून सांगितलं होतं. दोन-तीनदा त्यांनी ऐकलं. मग एकदा म्हणाल्या, "ताई, मला एकदा तारेनं काढू द्या हो हे. येणारीजाणारी मलाच नावं ठेवतील." त्यांचं म्हणणं मला अगदी पटलं. पुढच्या आठवड्यात मी बाहेर असताना त्यांनी तो काढलाच, साबणाची वडी, तारेची घासणी आणि सगळा जीव लावून. आले तेव्हा ट्रे दुकानातून आणल्यासारखा पांढुरका होऊन ओट्यावर उभा. याचं खापर त्यांच्या डोक्यावर कोण फोडणार? आयुष्यभर ज्या कामाची शाबासकी मिळाली, तेच काम त्यांनी केलं होतं.

त्यानंतर भाजलेल्या पहिल्या ब्रेडच्या तळाला लिंबाच्या साबणाची चव होती. साबणाला इथं बंदी का, ते एवढ्यावरून कळतं. बिडाच्या तव्याची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथं साबण नको हा नियम कडक कॉस्टिक साबणांच्या काळचा. आजच्या पातळ लिक्विडनं तव्यावरचा पक्का थर सहसा जात नाही, आणि लोखंड साबण पीत नाही. माती पिते. छिद्रं पुरती भरलेली नसतील तर साबण आत जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी तापल्यावर वर येतो.

माती काय काय धरून ठेवते याचा पुरावा पुरातत्त्ववाल्यांनी दिलाय. हरियाणातल्या राखीगढी, फरमाणा वगैरे हडप्पाकालीन वस्त्यांतली खापरं घेऊन केंब्रिजच्या संशोधकांनी त्यांत मुरलेल्या स्निग्धांशाचं पृथक्करण केलं. 2020च्या अखेरीस ते प्रसिद्ध झालं. खापरांच्या पोटात जनावरांच्या चरबीचे अंश चार हजार वर्षांनंतरही ओळखू येतील इतके शिल्लक होते. फरमाण्याचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांचं, म्हणून त्यात आपलाही थोडा हात आहे. ती साधी, सच्छिद्र मडकी होती, स्टोनवेअर नव्हे. पण मातीच्या पोटात शिरलेलं सहजी निघत नाही, मग ते बैलाचं मांस असो की लिंबाचा साबण.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक असावं. सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात धातूचं भांडं राखेनं, आंबटानं शुद्ध व्हायचं. मातीचं बाटलं की टाकून द्यायचं. टाकायचं नसेल तर धर्मशास्त्रात मातीच्या भांड्याला एकच शुद्धी सांगितली आहे, ती म्हणजे पुन्हा भाजणं. त्या नियमांच्या बाकीच्या अन्यायाबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण हा एक बारकावा चक्क व्यवहारातला आहे. साबण प्यालेल्या माझ्या ट्रेवर शेवटी तोच उपाय चालला. खायच्या सोड्याची पेस्ट लावून तासभर ठेवली, गरम पाण्यानं धुतली, ट्रे दिवसभर उन्हात वाळवला, मग थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवत नेला. वास गेला. पांढुरकेपणा राहिला आणि नानखटाया पुन्हा पहिल्यापासून सुरू.

रोजची सफाई याहून फार सोपी आहे. ट्रे आधी आपोआप निवू द्यायचा. जाड असल्यामुळं अर्धा-पाऊण तास सहज लागतो आणि तेवढा धीर हाच यातला अवघड भाग. गरम ट्रे नळाखाली धरला की वरचा भाग झटकन आकसतो, आतला तसाच फुगलेला राहतो आणि तडा जातो. उलट बाजूनंही तेच, फ्रीझरमधला गोठलेला पिझ्झा तापल्या ट्रेवर टाकू नये. निवल्यावर लाकडी उलथन्यानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरकटं खरवडायचं, कोमट पाण्यात काथ्यानं किंवा साध्या ब्रशनं धुवायचं. चिवट असेल तिथं खायचा सोडा लावायचा. पाण्यात रात्रभर भिजत घालू नये, कारण मुरलेलं पाणी पुढच्या वेळी तापून वाफ होतं आणि ते धोक्याचं. पुसून, उभा करून, पुरता वाळवायचा. डिशवॉशरमध्ये तर अजिबात नाही.

खानदेशातल्या बायकांना यातलं काही नवं वाटणार नाही. आखाजीला खापरावर मांडे करतात तेव्हा चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर त्या असंच सांभाळतात. हातावर पसरत नेलेली ती पुरणपोळी त्यावर अलगद पडते, आमरसासोबत ताटात येते आणि खापराला साबण लावायचा विचार कुणाच्या मनात येत नाही. नागपूरकडच्या लांब रोटीचं उलटं मडकंही तसंच. खापराशिवाय मांडे होत नाहीत हे आपल्या मनात इतकं पक्कं आहे की विसोबा चाटीनं कुंभारांना खापर देऊ नका म्हणून बजावलं तेव्हा मुक्ताबाईला मांडे भाजायला ज्ञानेश्वरांची पाठच लागली, अशी कथा झाली. कोकणात घावनांच्या बिडाच्या तव्यावर तेलात बुडवलेला अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी फिरवतात, तेही पापुद्रा जपण्याचंच काम. म्हणजे ही विद्या आपल्याकडं होतीच. पितळ, स्टील आणि नॉनस्टिकच्या नादात ती तवा आणि खापरापुरती उरली, एवढंच.

नॉनस्टिकशी तुलना करायचीच तर त्याचा लेप पहिल्या दिवशी सगळ्यांत चांगला असतो आणि नंतर उतरत जातो. ट्रेचं उलटं आहे. म्हणूनच घाईच्या माणसानं तो घेऊ नये. आठवड्यातून एकदाही ओव्हन न लावणाऱ्या घरात त्याला कधी रंगच चढत नाही, तेल नुसतं खवट होत राहतं. सासूबाई अजूनही त्याच्याकडं बघून "हा धुतलाय ना ग?" म्हणतात आणि मी हो म्हणते. मावशींनी मात्र त्याला हात लावणं सोडलंय. तो ट्रे आता माझ्या वाट्याचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

घ्यायचाच असेल तर दुकानात वजन बघण्याआधी आपल्या ओटीजीचं माप घ्या. बाहेरून नाही, आतून. बारा इंच गुणिले पंधरा इंचांचा अमेरिकन ट्रे आपल्या लहान ओटीजीत बहुधा मावत नाही, आणि आडवा गेला तरी चारी बाजूंनी हवा फिरायला बोटभर जागा सुटायला हवी. तिकडून येणारं कुणी विचारत असेल तर नऊ इंचांचा गोल सांगा.