जुना संगणक आणि आपली आकडेवारी



आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एम.ए., एम.एस.डब्ल्यू. करणारी आपली मुलेमुली आता तालुक्यातालुक्यांत आहेत. प्रबंधाची वेळ आली की त्यांना ‘एसपीएसएस’वर विश्लेषण करून आणा, असे सांगितले जाते. १९६८ साली निघालेले व २००९ पासून आयबीएम कंपनीकडे असलेले हे सॉफ्टवेअर चांगले आहे. पण त्याचा परवाना मजुराच्या घराला परवडत नाही. मग कुणी चोरीची प्रत आणतो, तिच्यासोबत व्हायरसही घरात येतो. कुणी दुकानात पैसे मोजून कोष्टके करून घेतो आणि तोंडी परीक्षेत गप्प बसतो.

बंधुभगिनींनो, याची गरज नाही. ‘पीएसपीपी’ हे सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या फुकट आहे. एसपीएसएसच्या फाइली ते उघडते. टक्केवारी, सरासरी, काय-वर्ग चाचणी, टी-चाचणी करते. दुसरे ‘आर’, तेही फुकट. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील दोन प्राध्यापकांनी ते सुरू केले. घरी ३२ बिटचे जुने विंडोज असेल तर त्याची ४.१.३ ही आवृत्ती घ्यावी. २०२२ साली निघालेल्या ४.२.० पासून अशा संगणकावर ते चालत नाही. जुन्या आवृत्त्या त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर जपलेल्या आहेत. मात्र जुन्या विंडोजला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, माहिती नीट भरणे आपल्या हाती आहे. समजा, वस्तीतील ४० घरांना विचारले, मुलांना शिष्यवृत्ती मिळते का? २४ ‘हो’, ८ ‘नाही’, ८ घरांचे उत्तरच नाही. ‘हो’ला १, ‘नाही’ला २ आणि उत्तर नसेल तर ९ लिहावे, आणि ९ म्हणजे उत्तर नाही हे संगणकाला सांगावे. उत्तर दिलेल्या ३२ घरांत प्रमाण ७५ टक्के येते. ४० धरले तर ६० टक्के. अहवालात कोणता आकडा कशावरून काढला हे लिहिलेच पाहिजे. नाहीतर साहेब लोक तेवढ्यावरूनच आपला अर्ज बाजूला सारतील.

बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू आकड्यांनिशी मांडली होती. आपण निदान आपल्या वस्तीची मांडू या. ज्या विहारात एखादा जुना संगणक पडून आहे, तेथील कार्यकर्त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर दोन तास मुलांना द्यावेत, एवढीच आमची विनंती.